चहाला नाही म्हणायचं म्हणजे

त्या बुधवारी आमच्या आरोग्य केंद्रात शुगर तपासायचं शिबिर होतं. दुपारनंतर माणसं यायची थांबली. दिशा सिस्टरला रिकामं बसवत नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "संजना, बोट दे."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?"

"ते यंत्र सांगेल. दे बोट."

यंत्रानं सांगितलं. सिस्टरनं काही न बोलता दंडाला पट्टा बांधून रक्तही काढून घेतलं, तीन महिन्यांची शुगर बघायला. शनिवारी रिपोर्ट आला. सहा पॉइंट तीन. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह अजून झालेला नाही. पण दाराशी येऊन उभा राहिलाय. आत घ्यायचा की तिथूनच वाटेला लावायचा, हे तुमच्या हातात आहे." मग त्यांनी विचारलं, "गोड फार खाता का?"

"अजिबात नाही," मी ठासून सांगितलं.

सिस्टर मागून म्हणाली, "आणि चहा?"

मी रिपोर्टची घडी घालायला लागले.

मी आशा सेविका आहे. पंचवटीच्या मागच्या अंगाला, मखमलाबाद रोडकडच्या काही गल्ल्या माझ्याकडं आहेत. लोकांना वाटतं माझं नावच आशा. घरोघर जायचं, तिशीच्या पुढच्या माणसांना बीपी-शुगर तपासायला पाठवायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं. तेल, मीठ, साखर कमी करा, रोज चाला, तंबाखू सोडा, हे सांगायचं. माझं भाषण मला झोपेतही येतं. आणि प्रत्येक घरात हे भाषण संपेपर्यंत समोर चहा येतो. आल्याचा, गवती चहाचा, घट्ट दुधाचा, आणि पाहुणीसाठी म्हणून मुद्दाम एक चमचा जास्त साखरेचा. तो मी पिते, आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा साखर कमी करा म्हणून सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सिस्टर मला हेच म्हणाली, आणि खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

"उद्यापासून नाही म्हणायचं," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! तिला कुठून सांगायला सुरुवात करणार?

माझी आई, लताबाई, वणीजवळच्या खेड्यात लोकांच्या शेतात कामाला जायची. सकाळी मालकीण सगळ्या बायकांना चहा द्यायची. बाकीच्यांना ओट्यावर. आमच्या वस्तीतल्या बायकांसाठी गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात दांड्या तुटलेले कप. आपला कप आपण काढायचा, पुढं धरायचा, मालकीण वरून चहा ओतणार. पिऊन झाला की आपणच धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. पाणी पाहिजे असलं तर ओंजळ. आई हे चिडून सांगत नाही. कांद्याची रोपं कशी लावतात हे सांगावं, तसं सांगते. तेच मला झोंबतं.

मला आशाचं काम मिळालं तेव्हा तिनं एकच गोष्ट बजावली होती. "बाई, कुनी घरात बसवून चहा दिला तर नाय म्हनू नको. तो नुसता चहा नसतो."

आता आई माझ्याकडंच असते. शुगरनं तिचे डोळे नेले. आधी अंधूक दिसायचं, मग सावल्या, मग तेही नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे आलं मांजराच्या पावलानं, कुणाला चाहूल लागली नाही, आणि आलं ते गेलंच नाही. दिवसभर ती खाटेवर बसून असते. संध्याकाळी मी घरी आले की तिचा ठरलेला प्रश्न असतो, "आज कुनाकुनाकडं चहा झाला?" मग मी सांगायचं. पाटलांकडं झाला, किराणावाल्याकडं झाला, त्या नव्या बंगल्यातल्या मॅडमकडं झाला. आत, सोफ्यावर, त्यांच्याच कपात. ती ऐकत राहते, आणि तिच्या तोंडावर असं काही येतं की त्यासाठी मी आणखी चार कप प्यायले असते.

म्हणजे माझ्यापुढं नुसता साखर सोडायचा प्रश्न नव्हता. पण आईकडं रोज बघूनच मी ठरवलं, आपल्याला या वाटेनं जायचं नाही. माझी लेक चैताली अजून दहावीत आहे. तिचं तोंड मला बघायचंय, म्हातारपणीही बघायचंय. संध्याकाळचा भात बंद केला, जेवण लवकर घ्यायला लागले. राहिला चहा.

सुरुवातीला मी शेळपटासारखे बहाणे केले. "आत्ताच झाला" म्हटलं की "तिथला झाला, इथला कुठं झालाय?" ॲसिडिटीचं नाव काढलं तर एकीनं थंड दूध आणलं, साखर घालून. बिनसाखरेचा द्या म्हटलं तर एका आजोबांना इतकं लागलं, की "आमच्या घरात साखरेला काय तोटा आलाय का?" म्हणून त्यांनी वर लाडू ठेवला. आग्रह ही आपल्याकडं अशी चीज आहे की पाहुणा मेला तरी चालेल, पण उपाशी मरता कामा नये.

शेवटी म्हटलं, नाटकं पुरेत. सरळ खरं सांगायचं. आणि पहिल्यांदा खरं सांगितलं ते नेमकं कुसाबाईंकडं.

कुसाबाई मूळच्या घोटीकडच्या, पाटलाच्या घरच्या. तिकडं भाताची शेती, आणि मुलगा महेश इथं कंपनीत म्हणून इथं बंगला. वय साठीच्या पुढं. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला शिंकल्या तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना कळलं. त्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "पूजा, चहा टाक गं!" त्या दिवशी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तेव्हापासून त्या घरचा चहा मी कधी चुकवला नव्हता.

कुसाबाईंना शुगर होती. गोळ्या वेळेवर, भात कमी केलेला, पूजा पथ्याला कडक, तरी आकडा खाली येत नव्हता. सिस्टर आणि मी चक्रावून गेलो होतो.

त्या दिवशी पूजानं नेहमीसारखे दोन कप आणून ठेवले. मी म्हटलं, "मावशी, मला चहा नको. माझी शुगर वाढायला लागलीय. डॉक्टरांनी बजावलंय."

कुसाबाईंचा हात कपाकडं निघाला होता, तो तिथंच थांबला.

"अर्धा घे."

"अर्धाही नको."

"घोटभर घे. एवढ्यानं काय व्हतंय?"

"घोटाघोटानंच झालंय, मावशी."

त्यांचा चेहरा लाल झाला. "इतके दिस चालला. आता आमच्या घरचा चहा चालत नाय व्हय तुला?"

खरं सांगते, मला हसू फुटलं. हे वाक्य आमच्या किती पिढ्यांनी मनातल्या मनात गिळलं असेल, आणि आज ते मला ऐकवत होती कोण, तर पाटलाच्या घरची बाई! पण हसू चुकीच्या वेळी आलं. कुसाबाईंना वाटलं मी त्यांनाच हसले.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "लय मोठी झालीस. पुन्यांदा या घरात येऊ नको."

मी उठले. फाटकापर्यंत पोचायच्या आत त्यांचा आवाज दोन्ही बाजूंच्या घरांत पोचला होता. आशाताईला आता आपल्या लोकांचा चहा चालत नाही, ही बातमी गल्लीभर झाली. दारं उघडी असायची, पण मला बघितलं की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. पुढच्या बुधवारी शिबिराला त्या गल्लीतून एक माणूस फिरकला नाही. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या, तेसुद्धा आले नाहीत.

घरी आईला मी यातलं काही कळू दिलं नव्हतं. ती विचारायची आणि मी जुनीच नावं फिरवून फिरवून सांगायची. एका संध्याकाळी मी असंच सांगत होते, कुसाबाईंकडं आज आल्याचा होता वगैरे. ती मध्येच म्हणाली, "तोंडाला वास नाय तुझ्या."

"कसला वास?"

"चहाचा. लय दिस झालं, येत नाय." तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. "खरं सांग. द्यायचा बंद केला का लोकांनी?"

ते विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला सहन झालं नाही. आणि सहन झालं नाही की मी चिडते, हा माझा स्वभाव.

"लोकांनी नाही, मी बंद केला! शुगर व्हायला आलीय मला. तुझ्यासारखं आंधळं होऊन खाटेवर दिवस काढायचे नाहीत मला!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आईनं मनगट सोडलं. भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर तिनं काही विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. घरात तो प्रश्न नसला की किती रिकामं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

तेव्हा एकदा वाटलं, पिऊन टाकावा तो चहा. कुसाबाईंचं समाधान, गल्लीचं समाधान, आईचं समाधान. आपलं काय व्हायचं ते होईल. त्याच वेळी चैताली आजीला जेवायला वाढत होती. आमटीची वाटी कुठं आहे, भाकरी कुठं आहे, हे ती आजीचा हात धरून दाखवत होती. मला एकदम दिसलं, याच ताटापुढं मी बसलेय आणि चैताली माझा हात धरून वाटी दाखवतेय. मी मनात म्हटलं, नाही. चहा प्यायचा नाही. आणि ती गल्लीही सोडायची नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

सकाळी पहिलं घर कुसाबाईंचंच धरलं. पूजानं दार उघडलं आणि घाबरून मागं बघितलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"आशा!" मीही तेवढ्याच आवाजात सांगितलं, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन बसले. "हाकलायचं असेल तर शुगर मोजल्यावर हाकला, मावशी. तोवर मी इथून हलणार नाही."

कुसाबाई माझ्याकडं डोळे वटारून बघत राहिल्या. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "पूजा, चहा टाक. पाहुनी आलीय."

चहा आला. दोन कप. मी हाताची घडी घालून बसले.

"घे की गं."

"नको."

"अगं, घे म्हंते ना!" त्या कळवळून म्हणाल्या. "तू घेतल्याबिगर मला कसा घेता येईल?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मग त्या कपाकडं बघितलं. मग पूजाला विचारलं, "मावशींचा कप बिनसाखरेचा आहे ना?"

पूजा ओढणीशी चाळा करायला लागली. "एकाच पातेल्यातला आहे, ताई. एरवी मी त्यांना बिनसाखरेचाच देते. पण पाहुणं आलं की त्या म्हणतात, पाहुण्याला एकट्याला प्यायला लावणं बरं दिसत नाही. आणि वेगळा केलेला चहा पाहुण्यांपुढं नको, लोक काय म्हणतील? मग मीही..." ती थांबली आणि एका दमात बोलून मोकळी झाली, "आणि कुणी आलंच नाही तर त्या बोलावून आणतात. परवा मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवला होता. तो नको नको म्हणत होता."

"चुगलखोर," कुसाबाई पुटपुटल्या.

मी डोक्याला हात लावला. आकडा खाली का येत नव्हता ते आता कळलं. मी या घरी शुगर तपासायला येत होते आणि शुगर वाढवून जात होते. आणखी किती घरांत मी अशी कुणाकुणाच्या साखरेचं निमित्त झाले असेन? आणि मग दुसरा विचार आला. तो पहिल्यापेक्षा वाईट होता. तो पहिल्या दिवशीचा चहा. आडनाव ऐकून टाकायला सांगितलेला. जो मी आईला दोनदा सांगितला होता.

मला असलं काही मनात ठेवता येत नाही. मी विचारलं. "मावशी, खरं सांगाल? पहिल्या दिवशी तुम्ही माझं आडनाव विचारलंत. मग चहा टाकायला सांगितलात. तो माझ्यासाठी होता की तुमच्यासाठी?"

पूजाला यातलं काय कळलं मला माहीत नाही. कुसाबाईंना कळलं. त्या आपल्या गुडघ्यांवर हात फिरवायला लागल्या.

"खोटं कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "घोटीला असते तर टाकला नसता. हितं कोन बघतंय, असं मनात आलं. आन मला तलफ बी आली व्हती. पहिल्या दिशी तो माझ्यासाठीच व्हता." मग त्यांनी मान वर केली. "मागनं तू येत ऱ्हायलीस. माझं गुडघं इचारलंस, डोळं तपासायला मला धरून नेलंस. मग तुझी बी वाट बघायला लागले. आता इचारशील तर अर्धा तुझा, अर्धा माझा."

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. एवढं खरं माझ्याशी त्या गल्लीत कुणी बोललं नव्हतं.

"मग माझ्या अर्ध्याचं मी सांगते," मी म्हटलं. "माझ्या नावानं या घरात आता चहा व्हायचा नाही. तुम्हाला आंधळं करणारं दुखणं मी या घरात आणणार नाही. माझ्या घरी एक आंधळी म्हातारी आहे, माझी आई. मला पाहुणी म्हणायचं असेल तर पाणी द्या."

"पानी?"

"पाणी. माठातलं."

चहा काय, टपरीवरही कुणीही कुणालाही पाजतं. पाण्याचं तसं नाही. हे आम्हा दोघींना सांगायची गरज नव्हती. पूजा फ्रीजमधली बाटली आणायला उठली.

"बाटली ऱ्हाऊ दे," कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गल्लीत गेला नाही. "आशा, माझं गुडघं दुखत्यात. सैपाकघरात देवाच्या शेजारी माठ हाय. जा, तुझ्या हातानं घे. येताना मला बी आन."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. देव्हाऱ्यात दिवा लावलेला होता, शेजारी तिवईवर माठ. मी झाकण काढलं, लांब दांडीचं ओगराळं आत बुडवलं आणि दोन पेले भरले. रडू येत होतं, पण पाण्याचा एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

कुसाबाईंनी माझ्या हातातला पेला घेतला आणि एका दमात संपवला. पदरानं तोंड पुसलं. "झालं समाधान? आता मोज ती शुगर."

मोजली. भरपूर होती. "आता चपला घाला," मी म्हटलं.

"आन त्या कशाला?"

"गल्लीत आवाज तुमचाच गेला होता, मला लोकांचं चालत नाही म्हणून. आता तो तुम्हीच परत घ्यायचा. आणि चालायचं, ते वेगळंच."

गुडघे, ऊन, आल्यागेल्याचं जेवण, अशी दहा कारणं त्यांनी सांगितली. मी दारात उभी राहिले ती हललेच नाही. शेवटी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या निघाल्या. शेजारच्या घरात शिरताच, मी तोंड उघडायच्या आत, त्यांनी आपली तोफ डागली. "हिला चहा इचारू नका! पानी द्या, माठातलं! आन मला बी नको, मेली माझ्या जिवावर उठलीय." पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरात त्यांनी तिथल्या म्हातारीचा कप उचलून वास घेतला आणि विचारलं, "साखरेचा हाय ना? पाहुन्याच्या नावावर पितीस ना? मला शिकवू नको, त्यातली मी जुनी हाय." आग्रह करण्यात ज्या बाईचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तिनं तोच आग्रह उलटा धरला होता. त्यापुढं माझं भाषण म्हणजे काहीच नाही.

पुढं हे रोजचंच झालं. माझी फेरी असली की त्या बरोबर. नसली तर संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना हाकलत गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, चालत नेतात आणि चालत आणतात. कुरकुर करत सगळ्या जातात, कारण कुसाबाईंना नाही म्हणायची हिंमत कुणात नाही. सगळंच सुधारलं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन घरांत मला अजूनही पाणी बाटलीतलंच मिळतं, आणि कुसाबाईंनी दिवाळीत लाडू चोरून खाल्ले ते पूजानं मला फोन करून सांगितलं. पण त्यांचा आकडा उतरायला लागला. माझी तीन महिन्यांची शुगर पाच पॉइंट सहा आली, तेव्हा दिशा सिस्टरनं मला मिठी मारली. दाराशी आलेला तूर्त तरी वाटेला लागलाय. पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा बघू.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई भिंतीकडं तोंड करूनच बसली होती. मी तिच्या शेजारी खाटेवर टेकले. ती विचारणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच सुरुवात केली.

"आज चहा कुठंच झाला नाही, आई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कुसाबाईंकडं पाणी झालं."

तिची मान थोडी वळली. "बाटलीतलं?"

"माठातलं."

"कुनी दिलं?"

"कुणी दिलं नाही. मी घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन, माझ्या हातानं. देवाच्या शेजारी आहे त्यांचा माठ."

आई पूर्ण माझ्याकडं वळली. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत मी एवढं काही कधी बघितलं नव्हतं.

"आणि त्यांनाही मीच दिलं," मी म्हटलं. "प्यायल्या. सगळं."

तिनं माझा हात शोधला. उजवा की डावा ते चाचपून बघितलं, उजवा धरला आणि त्याची बोटं एकेक करून दाबत राहिली. मला वाटलं ती रडेल. रडली नाही.

"त्या दिशी तुझं बोलनं लय लागलं मला," ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"चुकलं नाय. खाटंवर बसूनच हाय मी. खोटं काय बोललीस?" मग तिनं विचारलं, "किती लांब हाय त्या बाईचं घर?"

"असेल दहा-पंधरा मिनिटं. तुला जायचंय? रिक्षा बघते."

"रिक्षा कशाला? लोकांना चाला चाला म्हनत फिरतीस, आन आईला रिक्षा?" ती खाटेच्या कडेवर सरकली, पाय जमिनीला टेकवले आणि उभी राहायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या ने मला. हात धरून ने, चालत येते. फकस्त त्यांचा उंबरा आला की सांग. तिथं अडखळायचं नाय मला."